पंख्याचा प्लग

टेलरमास्तरांनी टेबलफॅन विजेच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि वायरची गुंडाळी सोडवायला घेतली.

"हा परदेशात चालायला हवा."

शेजारी स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोने मोबाइल पुढे केला. लेकीने तिथल्या भिंतीवरच्या सॉकेटचा फोटो पाठवला होता. वर दोन तिरक्या फटी, खाली एक उभी. नुकतंच कुणी रागावल्यासारखा रडवेला चेहरा.

"विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, पिना तेवढ्या वेगळ्या," दुकानदार म्हणाला. "पण तिथे थंडी ना? पंखा कशाला?"

"वाऱ्यासाठी नाही हो. हिला याची घरघर लागते. त्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही."

दुकानदाराने तपासण्यापुरता पंखा लावला. घरघर सुरू झाली. वर टांगलेले रंगीत दिवे झुलू लागले, त्यांचे रंग भिंतींवरून पोहत गेले आणि रस्त्यावरचा गोंगाट कुठेतरी लांब राहिला. बायकोचे डोळे मिटले. झोपेत ती नेहमी हसायची, तशी किंचित हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मास्तरांना ते हसू अजून चोरूनच बघावंसं वाटे.

पुढच्या महिन्यापासून ते कुठल्यातरी परक्या खोलीत उमटणार होतं. किती दिवस, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं. लेक म्हणत होती, दोघंही या, कायमचेच या. मास्तर हटून बसले. इथे ते मास्तर होते, तिथे नुसते कुणाचे तरी वडील. मग बायको एकटीच निघाली. ती परतलीच नाही तर, हा विचार त्यांची पाठ सोडत नव्हता, पण बोलून दाखवतील तर ते मास्तर कसले!

दुकानदाराने पंखा बंद केला. बायकोने डोळे उघडले.

"थोड्या दिवसांसाठी असेल तर अ‍ॅडॅप्टर घ्या. कायमचंच राहायचं असेल तर हा प्लग कापून तिकडचा बसवतो. काय करू?"

मास्तर गळ्यातल्या टेपशी चाळा करत राहिले.

"कापा," शेवटी ते म्हणाले. "हिची झोपमोड नको."

दुकानदाराने पक्कड उचलली. बायकोने चटकन वायरवर हात ठेवला.

"अहो, काहीतरीच काय! परत आल्यावर हा लावू कुठे?"

मास्तरांचे डोळे एकदम भरून आले. ते उगाचच वरचे दिवे बघू लागले.

दुकानदाराने खोक्यात हात घालून तिरक्या पिनांचा अ‍ॅडॅप्टर शोधून काढला.

"आणखी काही?"

मास्तर जरा घुटमळले.

"हाच... दाढीच्या मशीनलाही चालतो का?"

"चालतो की. पण पंखा सुरू असताना नाही लावता येणार."

"मग दोन द्या," बायको म्हणाली.