हर्षालीच्या डाव्या पायाची स्प्लिंट

मित्रांनो, मी चप्पल नाही आणि बूटही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एवढ्याच गोष्टीवरून माझे पहिले चार महिने वाया गेले. मी एक जुनी स्प्लिंट आहे. पांढऱ्या प्लास्टिकची, पोटरीपासून बोटांपर्यंत पायाला मागून धरणारी.

माझा जन्म नाशिकमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाला. साडेपाच वर्षांच्या हर्षालीच्या डाव्या पायाची टाच जमिनीला टेकत नव्हती. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून त्या पायाचे स्नायू आखडलेले. ती चवड्यावर चाले आणि पडे. वर्कशॉपमधल्या वाल्मीककाकांनी तिच्या पायाला ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळली, सुकल्यावर कापून काढली आणि त्या साच्यातून हुबेहूब तिच्या पायासारखा प्लास्टरचा पाय तयार केला. मग प्लास्टिकची जाड शीट भट्टीत तापवली. ती काचेसारखी पारदर्शक झाली, तशी त्या पायावर पांघरली. थंड होता होता मी पुन्हा पांढरी झाले. काकांनी माझ्या कडा घासल्या, पट्टे लावले.

"ही एकटी काही करत नाही," काका हर्षालीच्या आईला, रूपालीला म्हणाले. "आत पायमोजा, वर बूट. नुसती घातली तर घसरेल. दिवसातून सहा-सात तास तरी पायात पाहिजे. काढल्यावर लाली बघा. वीस मिनिटांत गेली नाही तर मला फोन करा."

रूपालीने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घेते.

नाशिक रोडच्या घरी पोचलो आणि उंबऱ्यातच अडलो. हर्षालीची आजी, सिंधुबाई, दारात उभ्या होत्या. दिंडोरीकडच्या एका गावात त्यांचा जन्म गेलेला.

"बूट घालून आत नाय यायचं."

"आई, डॉक्टरांनी दिलंय हे."

"दिलं असंल. रस्त्यावरची घाण तुडवत देवापुढनं जायचं का मग?"

दोन खोल्यांचं घर, देव्हारा स्वयंपाकघरात. सिंधुबाई वाईट नव्हत्या. त्याच पायाला त्यांनी पाच वर्षं रोज सकाळी तेल चोळलं होतं. रूपालीने पट्टे सोडले. मी दाराबाहेरच्या रॅकवर गेले, चपलांच्या रांगेत.

सकाळी शाळेला जाताना मला पायात चढवत, आल्यावर दारातच काढत. साडेतीन तास. मला काही वाटलं नाही. प्लास्टिकला काय वाटणार? रूपालीलाही काही वाटत नसावं. पट्टे सोडायची, पोटरीवरची लाली बोटाने दाबायची, घड्याळ बघायची, परत दाबायची. सगळं वेळेवर, पण जणू शेजारच्यांची मुलगी सांभाळायला घेतलीय. बाकीचा दिवस हर्षाली घरात भिंत धरून चवड्यावर चाले.

चार महिन्यांनी तपासणी झाली. फिजिओथेरपीच्या उज्वला मॅडमनी तिचं पाऊल वर ढकलून पाहिलं. ते येईना.

"पाय परत कडक झालाय. किती तास घालता?"

"सहा," रूपाली म्हणाली.

"साडेतीन," सिंधुबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलायचं? घरात कुठं घालतो आपण?"

मॅडमनी सिंधुबाईंच्या चष्म्याकडे बोट केलं. "आजी, हा देवापुढं काढून ठेवता का?"

"चष्मा घालून मी चिखलात नाय चालत."

माझे पट्टे तपासायला आलेले वाल्मीककाका हसले. मॅडम हसल्या नाहीत. "दोन महिने बघू. टाच खाली आली नाही तर प्लास्टर घालू. त्यानंही नाही आली, तर ऑपरेशनचं सर्जनशी बोलावं लागेल."

येताना रूपालीने रिक्षा एका बुटांच्या दुकानापाशी थांबवली. माझ्यामुळे डाव्या पायाला एक नंबर मोठा बूट लागे, म्हणून तिने कॅनव्हासचे दोन मापांचे दोन जोड घेतले. घरी आल्यावर मला ओल्या फडक्याने पुसलं, उंबऱ्यावर बसून हर्षालीच्या पायात चढवलं आणि वर नवे बूट घातले.

"हे कोरे आहेत, आई. बाहेर जाणार नाहीत. ही घरात घालणार."

आवाज चढला नव्हता. तिने विचारलंही नव्हतं. सिंधुबाईंनी वाकून हर्षालीचा पाय उचलला, बुटाच्या तळाला बोट लावलं.

"कोरं हाय खरं. पण देव्हाऱ्यापाशी नाय."

"बरं."

दोन दिवस सिंधुबाई सुनेशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या.

"हर्षे, ती परात आण गं."

परातीला दोन हात लागतात. हर्षालीने भिंत सोडली. मी तिचा घोटा धरून ठेवला. एक पाऊल, दुसरं, सातवं, आठवं. वाट देव्हाऱ्यासमोरूनच होती. सिंधुबाईंनी बुटांकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं.

"हळू," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून शाळा आणि घर मिळून मी सहा तास पायात राहू लागले.

दोन महिन्यांनी मॅडमनी मला काढून हर्षालीला अनवाणी उभं केलं. टाचेखाली आधीच ठेवलेला कागद ओढला. कागद निघाला नाही, टाच टेकली होती.

"प्लास्टर नको," मॅडम म्हणाल्या.

"पुढची तारीख?" रूपालीने विचारलं आणि लिहून घेतली. जिना उतरताना मधेच एका पायरीवर बसली. रडली नाही. सिंधुबाईंनी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

पुढच्या वर्षी हर्षालीची बोटं माझ्या कडेबाहेर आली. काकांनी नवीन माप घेतलं. नवी स्प्लिंट पायात पाहून शेजारच्या नवसाबाई म्हणाल्या, "अजून सुटलं नाही का हे?"

"सुटायला तिला बांधलंय थोडंच?" सिंधुबाई म्हणाल्या. "घालायचं आन् चालायचं."

मी आता कपाटात आहे. मी एकाच पायाच्या मापाची, दुसऱ्या कुणाला होत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला रोज पुसा, उन्हात टाकू नका, पाय वाढला की आठवणीने बदला. आणि तुमच्या वर्गात असेल, तर "हे काय घातलंय?" याच्या आधी "खेळायला येतेस का?" हे विचारा. ती मैदानावर थोडी उशिरा पोचेल. तोवर डाव सुरू करू नका.