फिंटनचे चर

किलमॉयलची माणसं आमच्याकडे काही शिकायला येतील असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. दलदलीच्या पलीकडच्या अंगाचं गाव ते. हर्लिंगच्या, म्हणजे आमच्या काठ्या-चेंडूच्या खेळाच्या, मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या आमची डोकी फोडत आलेत. पण सप्टेंबरातल्या त्या शनिवारी ते मिनीबस भरून आले, आणि माझा नवरा मॅलकी नवे गमबूट घालून त्यांच्यासाठी फाटकापाशी उभा होता. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

आमची दलदल आता खरंच बघण्यासारखी झालीय, उगाच फुशारकी मारत नाही मी. कंपनीने जळणासाठी इथलं पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ काळी माती, खरवडून खरवडून नेलं तेव्हा मागे नुसतं काळं मैदान उरलं होतं, गवताची काडी नव्हती. पाणी काढून टाकायचे चर मॅलकीनेच खणलेले, कंपनीचा पगार घेऊन. कंपनी बंद पडली आणि त्यानेच गाव गोळा करून ते बुजवायला घेतले. आता पाणी थांबतं, शेवाळाने परत जीव धरलाय, चतुर उडतात. गेल्या वसंतात तर कर्ल्यूच्या जोडीने अंडी घातली. तो बाकदार चोचीचा पक्षी आमच्या पोरांनी फक्त चित्रात पाहिला होता.

पण एक कड अजून कोरडी होती. तिथे किलमॉयलची हद्द लागते, आणि त्यांचे चर उघडे, त्यामुळे आमचं पाणी तिकडून निसटून जायचं. कर्ल्यूचं घरटं नेमकं त्याच कडेला. चर बुजवायचे की नाही ते किलमॉयलवाले दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर हात वर करून ठरवणार होते. ते नाही म्हणाले असते तर मॅलकीच्या सगळ्या कष्टांचं काम अर्ध्यावर राहिलं असतं.

अख्खं किलमॉयल ऐकतं ते फिंटन टूहीचं. सत्तरी उलटलेली, पण ताठ. त्यांच्या दलदलीतला एकूणएक चर त्याच्या हातचा. मिनीबसमधून उतरल्या उतरल्या तो म्हणाला, "काय रे मॅलकी, जन्मभर पाणी काढलंस आणि आता परत भरतोयस? कंपनीने जाताना डोकंही काढून नेलं वाटतं तुझं."

"डोकं होतंच कुठे," मॅलकी म्हणाला. "असतं तर तुला बोलावलं असतं का?"

दोन्हीकडची माणसं हसली. चला, सुरुवात तरी बरी झाली, असं मला वाटलं.

मॅलकी त्यांना एकेक बांध दाखवत निघाला. "बांधाला कोरडं पीट घेऊ नका. आम्ही घेतलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात सगळं तरंगत गेलं. खालचं ओलं घ्या. आणि बांध दोन्ही काठांच्या आत घुसवा, नाहीतर पाणी बाजूने वाट काढतं. आमच्या चुका आहेत, फुकट घेऊन जा."

"फुकटचं म्हटलं की किलमॉयलला आवडतंच," मी म्हटलं. मॅलकीने डोळे वटारले. मी आहे फटकळ, त्याला काय करणार.

या सगळ्यात फिंटन मागे राहिलाय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या आठवड्यातच घातलेल्या मोठ्या बांधापाशी तो थांबला होता. मागे पाणी काठोकाठ, आणि शेजारी मॅलकीचं फावडं रोवलेलं. तुंबलेला चर दिसला की आमच्याकडच्या जुन्या माणसांचे हात शिवशिवतात. फिंटनने फावडं उचललं आणि बांधाच्या माथ्यावर एक खाच मारली. वाटेतला दगड पायाने बाजूला सारावा तितक्या सहज.

बांध भसाभस ढासळला. पाणी उसळून खाली धावलं आणि आम्ही सगळे वळून बघायला लागलो.

माझं डोकंच फिरलं. "फिंटन टूही, तुला बघायला बोलावलं होतं, फोडायला नाही."

तो हातातल्या फावड्याकडे बघत होता. चेहरा पांढरा पडला होता. "देवाशप्पथ, अट्रॅक्टा, कळलंच नाही मला. हात आपोआप गेले."

"एका फावड्यात गेला की तुमचा बांध," त्याची सून डिंफना म्हणाली. "यासाठी आम्ही आमचे चर बुजवायचे?" तिच्यामागे माना हलायला लागल्या. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

मॅलकीने मात्र कोणाला शब्दाने दुखवलं नाही. सरळ चरात उतरला, मांडीपर्यंत पाण्यात. "ये रे आत, फिंटन. पाणी तू पळवलंस, आता तूच अडव."

फिंटन इस्त्रीच्या पँटसकट आत उतरला. आता आमच्या भागात शेजारी चिखलात असताना खिशात हात घालून उभं राहणं जमत नाही कोणाला. पीट वाळवायच्या दिवसांत एकमेकांकडे राबून हाडात भिनलेलं असतं ते. एकेक करत किलमॉयलवाले खाली आले. डिंफनाने बूट काढून फेकले. मी चहाची किटली ठेवली आणि ओल्या पीटची ढेकळं कवेत उचलून द्यायला लागले.

"काठात घुसव गं, काठात," फिंटन सुनेवर ओरडत होता. "मॅलकी मघाशी काय सांगत होता? कान कुठे होते तुझे?"

पाणी थांबलं. वर जिवंत शेवाळाचा थर अंथरला आणि चिखलाच्या हातांनीच सगळ्यांनी माझा सोडा ब्रेड खाल्ला. फिंटन माझ्याशेजारी येऊन बसला.

"लोक लांबून माझे चर बघायला यायचे," तो हळूच म्हणाला. "दोरी लावल्यासारखे सरळ. ते बुजवले तर मी जन्मभर केलं काय, अट्रॅक्टा?"

मी माझ्या वाटचा ब्रेड त्याच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. बराच वेळ नुसता कालवा. जळणाचं काय, गुरांचं काय, त्या शेजारगावाचं आपण का ऐकायचं. मग फिंटन उठला.

"ते चर माझे आहेत," तो म्हणाला. "माझ्या हयातीत दुसऱ्या कोणी त्यांना हात लावलेला मला चालणार नाही."

मी मॅलकीचा हात घट्ट धरला.

"म्हणून उद्यापासून मीच ते बुजवणार. ज्याला यायचंय त्याने गमबूट घालून यावं."

डिंफनाचा हात वर गेला. मग एकेक करत जवळजवळ सगळ्यांचे. फिंटन मात्र उभाच होता, बसायचं कसं हे विसरल्यासारखा. तेव्हा मॅलकी उठला, परक्या गावच्या सभेत, टोपी हातात धरून.

"पहिल्या चराला मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला. "पहिला फार जड जातो."

फिंटनने मान हलवली आणि खाली बसला. माझे डोळे भरून आले होते, पण मी मान ताठ ठेवली. हा माझा नवरा आहे हे अख्ख्या किलमॉयलला दिसायला हवं होतं.