खुळखुळणारा फासा

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही अमेरिकेतल्या नोव्हाय गावात राहता, तुमची जिवलग मैत्रीण पार दोन हजार मैलांवर क्युपर्टिनोला राहायला गेली आहे, आणि तरीही तुम्हाला दोघींनी मिळून राक्षसांशी लढायचं आहे. नैनाचं अगदी असंच झालं. ती आणि तिची मैत्रीण राधिका कॉम्प्युटरवर चॅट करत राक्षसांशी लढाईचा खेळ खेळायच्या. प्रत्येकीने आपल्या घरी वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडलेला आकडा टाइप करायचा. नवल म्हणजे दोघींनाही दर वेळी वीसच पडायचे. राक्षस बिचारे पटापट मरायचे.

ते पाहून नैनाच्या बाबांनी एक प्रामाणिक फासा प्रोग्राम करून दिला. बटण दाबलं, की आकडा दोघींच्या स्क्रीनवर दिसायचा.

त्याच दिवशी नैनाची खेळातली राणी मोडक्या पुलावर अडकली. वर्षभर जपलेली राणी! दहाच्या वर पडले तरच ती वाचणार होती. नैनाने बटण दाबलं. तीन पडले.

"बाबा, तुमचा फासा ब्रोकन आहे!"

"उलट पहिल्यांदाच नीट चालतोय."

"पण तो रोल झालाच नाही! दॅट्स नॉट फेअर!"

राधिकानेही तेच टाइप केलं. बाबांनी बाकी काही बदललं नाही, फक्त प्रोग्राममध्ये टेबलावर फासा खुळखुळल्याचा आवाज घातला.

"हं, टाक पुन्हा."

फासा मस्त खुळखुळला आणि थांबला. दोन पडले.

मग "हां, आता खरा वाटतो," असं म्हणून नैना नव्या राणीचं नाव टाइप करू लागली.