शेहेचाळीसवरची रेघ

रेघ दोन सेंटिमीटरची होती, पेन्सिलीची, उजवीकडे जराशी चढलेली. तिच्याखालचा ४६ हा आकडा अजून स्पष्ट वाचता येत होता. सहाच्या पोटाशी कागद जास्त दबला होता, म्हणजे तिथं हात क्षणभर थांबला होता... थांबला होता का? की आता, सात महिन्यांनी, तसं वाटून घ्यायला बरं वाटतं?

नोंदवहीशेजारी पुराच्या चौकशीचा अहवाल पडला होता, शेवटच्या पानावर, अंदाज लिहिणारी म्हणून, तिच्या सहीपुरती जागा सोडलेली. ‘फुग्यासोबतच्या यंत्रातील दोषामुळे नोंद अविश्वसनीय.’ यंत्र तपासून रोज सकाळी फुगा सोडायचं काम मामांचं. सगळी वेधशाळा त्यांना मामाच म्हणे. दोष यंत्राचा लिहिला, तरी वाचणारा तो मामांचाच वाचणार.

“बाई, आज फुगा समुद्रावरून फिरून आल्यासारखा बोलतोय,” त्या सकाळी मामा म्हणाले होते.

“शेहेचाळीस? इथं? यंत्र उन्हात विसरलात का मामा?”

“यंत्र लेकरासारखं जपतो मी. आणि फुगा कशाला खोटं बोलेल? त्याला कुठं बढती हवीय?”

ती हसली होती – आणि हसता हसताच रेघ मारली होती. डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून काढली, तर जमिनीवर किती मिलिमीटर पाणी साचेल, तो हा आकडा. या कोरड्या मुलखात तो बारा, फार तर वीस. तीस वर्षांतला सर्वांत मोठा एकतीस. म्हणून पस्तिसाच्या वरचं काहीही खोडायचं, समोर ‘संशयास्पद’ लिहायचं आणि अंदाज त्याच्याशिवाय करायचा, अशी पद्धत. खोडणाऱ्यानं सही करायची नाही. टेबलापाशी जो असेल त्यानं रेघ मारायची. आणि ती पस्तिसाची मर्यादा... ती तिनंच काढली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी, तीस वर्षांच्या वह्या उपसून. साहेबांनी बैठकीत कौतुक केलं होतं.

जे कधी घडलं नाही, ते मी ‘चूक’ या खात्यात टाकलं. इतकं सोपं होतं ते.

त्या दिवशी खाली हवा कोरडी ठणठणीत होती, ओठ फुटत होते, दोरीवरचे कपडे तासाभरात वाळले होते. आणि तीन किलोमीटर वरून, विषुववृत्ताजवळच्या उबदार समुद्रातून निघालेला वाफेचा अरुंद प्रवाह, जमिनीला कुठंही न टेकता, हजारो किलोमीटर कापून येत होता. उपग्रहाच्या चित्रात तो नंतर तिला दिसला – बोटाएवढी करडी पट्टी. आकडा ठेवला असता, तर ती पट्टी शोधावीच लागली असती. अंदाजात तिनं लिहिलं, ‘आकाश अंशतः ढगाळ’. दुपारी वरच्या थरातून थंड हवा उतरली, प्रवाह डोंगरांवर आदळला, आणि दीड वर्षाचा पाऊस नऊ तासांत पडला. कोरड्या नदीच्या पात्रात लोकांनी घरं बांधली होती. तिथं पाणी पाहिलेलं माणूसच हयात नव्हतं. अकरा जण गेले.

पुरानंतर दुसऱ्या महिन्यात तिनं त्या दिवशीच्या यंत्राच्याच खोक्यातलं दुसरं यंत्र गुपचूप तपासलं. चूक अवघ्या एका मिलिमीटरची. त्या तपासणीचा कागद खणात होता. केस विंचरताना, भाजी चिरताना ती एक वाक्य जुळवायची, आणि दर वेळी त्यात एखादा ‘बहुधा’ शिरायचा.

दारात चपलांचा आवाज झाला. मामा होते. अहवालाकडे पाहून म्हणाले, “करून टाका सही, बाई. माझे नोकरीचे चार महिने राहिलेत. तुमची वीस वर्षं आहेत.”

म्हणजे त्यांना ठाऊक... ठाऊक असणारच, समोरच तर उभे होते ते.

“मामा, तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“काय सांगायचं? शिकवलं मीच ना तुम्हाला, दोरी कशी धरायची ते.” ते ओशाळल्यासारखे हसले. “धरायची कधी, सोडायची कधी...”

फुगा सोडताना दोरी हातातून सरसरत जाते, तळवा भाजतो. पहिल्या दिवशी तिनं घाबरून घट्ट धरली होती, तर मामा ओरडले होते – सोड, पोरी! त्यानंतर त्यांनी तिला कधी एकेरी हाक मारली नाही.

तिनं खणातला कागद काढला, नोंदवही उचलली. साहेबांच्या खोलीपर्यंत एकोणीस पावलं. तिनं ती मोजली. वाक्य आठवून पाहिलं, तर त्यातला ‘बहुधा’ सापडेना.

“झाली सही?” साहेबांनी मान वर न करता विचारलं.

“नाही, साहेब. शेहेचाळीस खरा होता. रेघ माझी आहे.”