पिवळ्या पळसाचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुनी दाबफळी आहे. माझं नाव तुम्ही बहुधा ऐकलं नसेल. सागवानी पट्ट्यांच्या दोन जाळीदार फळ्या, मध्ये जुनी वर्तमानपत्रं आणि वरून आवळलेले दोन चामडी पट्टे, एवढाच माझा देह. माझ्या पोटात फुलं दाबून वाळवतात. वाळलेलं फूल जाड कागदावर चिकटवून खाली चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर चार ओळी असतात: फुलाचं नाव, तारीख, ठिकाण आणि वेचणाऱ्याचं नाव.

मला उदगीरच्या सरदार मिस्त्रींनी घडवलं. शाळेत विज्ञान शिकवणारे वीरभद्र गुरुजी माझं चित्र वहीत काढून घेऊन आले, तेव्हा मिस्त्री हसले.

“फुलाला इस्त्री करायची म्हणा की, गुरुजी! या साली माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन् तुम्हाला फुलं कुठं घावायची?”

“डोंगरावर हायत,” गुरुजी म्हणाले. “पाण्यावाचून फुलणारी.”

तो बहात्तरच्या दुष्काळातला फाल्गुन होता. निम्मी शाळा आईबापांमागं खडी फोडायला गेली होती. गुरुजी मला खांद्याला अडकवून गावामागच्या डोंगराची पायवाट चढले आणि मी पहिल्यांदा ते पाहिलं. पानाचा मागमूस नाही, पण पांगारा लाल, काटेसावर गुलाबी, घळीत धायटीचे शेंदरी झुबके. पळस तर असा पेटलेला की खालची करपलेली रानं विसरावीत. वाटेच्या डाव्या हाताला एक पळस मात्र पिवळाधमक होता. असा पळस हजारात एखादा. गुरुजींनी चप्पल काढली, एकच फूल घेतलं आणि माझ्या पोटात ठेवलं.

चिठ्ठीची एकही ओळ कोरी ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. विद्यार्थ्याची ओळ कोरी दिसली की ते शून्य देत. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: महादेवाच्या टेकाखाली, पायवाटेच्या डावीकडं. तो कागद शाळेच्या भिंतीवर लागला. लोक बघायला आले. माझंही फार कौतुक झालं.

आठव्या दिवशी सरदार मिस्त्री शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. “गुरुजी, तुमचं झाड गेलं.”

“तोडलं?”

“खणलं. मुळ्यासुद्धा ठेवल्या न्हाईत.”

पिवळ्या पळसाची मुळी पुरलेलं धन दाखवते, असं काही लोक मानत. उपाशी माणसानं ते खरं मानलं, यात मला नवल वाटत नाही. गुरुजींनी कुणाचं नाव विचारलं नाही. त्यांनी कागद भिंतीवरून काढला आणि माझ्या तळाशी ठेवला.

त्यानंतर दहा वर्षं आम्ही दर फाल्गुनात डोंगर चढलो. पुढं गुरुजींची मुलगी गंगाही येऊ लागली. ती सारखी बोलायची आणि गुरुजी सारखे आभाळ बघायचे. त्या वाटेवर सकाळी कानटोपी लागते, दुपारी डोकं तापतं आणि तिसऱ्या प्रहरी काय होईल ते सांगता येत नाही.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या फाल्गुनातली गोष्ट. आम्ही अर्ध्या वाटेवर होतो. ऊन होतं, आणि बघता बघता काळं झालं. लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या. गुरुजींनी मला खांद्यावरून काढलं आणि सरळ गंगाच्या डोक्यावर धरलं. आत सकाळपासून वेचलेली फुलं होती, पण त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. माझी एक पट्टी तेव्हाच मोडली. वाट सोडून आम्ही एका कपारीखाली शिरलो.

गारा थांबल्या. गंगा बाहेर डोकावली आणि ओरडली, “आप्पा, पिवळा!”

समोरच्या घळीत दुसरा पिवळा पळस उभा होता. गारांनी झोडपून त्याची फुलं खाली सांडली होती. गंगानं त्यातलं एक उचललं. माझ्या पोटात तळाजवळचा वर्तमानपत्राचा एकच कागद कोरडा उरला होता. त्यावर नवा जिल्हा झाल्याची बातमी होती. त्यातच तिनं ते फूल ठेवलं.

नव्या जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन भरलं, तेव्हा गंगानं तेच फूल मांडलं. परीक्षक होते हणमंतराव. ते कागदापुढून हलेनात.

“गुरुजी, एक लंबर! पण ठिकाणाची ओळ लिहायची राहिली की.”

“राहिली न्हाई. मीच लिहू दिली न्हाई.”

“अहो, नव्या जिल्ह्याचं भूषण हाय हे! ठिकाण न्हाई तर बक्षीस कसं द्यावं?”

“देऊ नका.”

गंगाचं तोंड एवढंसं झालं. तिला ठिकाण माहीत होतं, आणि सांगितलं की बक्षीस मिळणार होतं. ती आप्पांकडं बघत राहिली, पण बोलली नाही. घरी येताना बसमध्ये मात्र तिनं तोंड उघडलं. “कोऱ्या ओळीला तुम्ही पोरांना शून्य देता, आप्पा.”

“हाव. मला बी दे.”

ती हसली नाही. ठिकाण का लपवलं, हे तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पुढं ती शिकायला आणि मग नोकरीला नांदेडला गेली. गुरुजींचे गुडघे थकले. मी कपाटावर गेले. गुरुजींच्या पत्नी कमलम्मा माझ्यावर लोणच्याची बरणी ठेवत. गुरुजी म्हणत, “अगं, तिच्या पोटात फुलं हायत.” त्या म्हणत, “असू द्या की, दाबून बसतील!” तेवढाच माझा उपयोग उरला होता.

गेल्या मार्गशीर्षात गुरुजी गेले. घर आवरताना गंगानं मला खाली घेतलं. ताठ झालेल्या चामडी पट्ट्यांना तेल लावून ते सोडवले. एकेक कागद उलटत ती तळाशी पोहोचली. तिथं ते पहिलं फूल होतं. चिठ्ठीच्या चारी ओळी भरलेल्या. खाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं: “हे वाचून झाड खणलं. लिहिणारा मी.”

तिनं ते दोनदा वाचलं. मग माझ्या मोडक्या पट्टीवरून हात फिरवला.

फाल्गुनात ती मला खांद्याला अडकवून एकटीच डोंगर चढली. सकाळी थंडी होती, दुपारी ऊन, मग ढग आले आणि चार थेंब टाकून गेले. ती वाट सोडून कपारीपाशी वळली. घळीत पिवळा उजेड पडावा तसा तो पळस उभा होता. आता त्याचा बुंधा कवेत मावत नव्हता. गंगानं चप्पल काढली आणि खाली पडलेलं एक फूल घेतलं.

फूल वाळल्यावर तिनं चिठ्ठी लिहिली. नाव: पिवळा पळस. तारीख लिहिली. वेचणारी: गंगा वीरभद्र. ठिकाणाच्या ओळीवर तिची लेखणी थांबली. मग तिनं लेखणीला टोपण लावलं आणि हळूच म्हणाली, “शून्य, आप्पा.”

मित्रांनो, गंगानं मला दिलं आणि आता मी तुमच्या शाळेत आहे. माझे पट्टे कोरडे पडू देऊ नका, कागद ओले ठेवू नका. डोंगरावर जाल तेव्हा खाली पडलेलं फूल घ्या, झाडावरचं झाडालाच राहू द्या. आणि तो पिवळा पळस कुठं आहे, हे मला विचारू नका. मला ते नीट ठाऊक आहे. पण गंगानं माझे पट्टे फार घट्ट आवळले आहेत.