चुडामण नानांची आखाजीची दोरी

मित्रांनो, चाळीसगाव तालुक्यातल्या एका घरात खुंटीला लटकलेली अंबाडीची जुनी दोरी, ती मी. १९८४ साली उखर्डूबाबांनी मला वळले आणि परसापरसावर एकेक गाठ मारली. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची.

त्याच वर्षी या घरचे चुडामण नाना गावचे सरपंच झाले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विहिरींचे पाणी सर्वांत खोल गेलेले असते. त्या दिवशी ते मला दगड बांधून गावविहिरीत सोडत आणि पाणी लागेपर्यंत गाठी मोजत. पहिल्या वर्षी दहा भरल्या. दरवर्षीचा आकडा घेऊन नाना तालुक्याला आणि जिल्ह्याला भांडत राहिले. १९९२ मध्ये ते जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले, तरी आखाजीला त्यांची जीप विहिरीपाशीच थांबे. मला त्याचा अभिमान वाटे.

१९९५ साली पंधरा गाठी भरल्या. त्या आकड्यावर पाझर तलावांच्या यादीत आमचे गाव पहिले आले. तलाव आणल्याच्या जोरावर लोकसभेच्या तिकिटासाठीही नानांचे नाव पुढे होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी कमलबाईंनी नवी दोरी वळून घ्यायची म्हणून मला पोलादी टेपने मोजले.

“ही दोरी आखूड व्हयी जायेल शे,” त्या म्हणाल्या.

खरे होते. अकरा वर्षे भिजून-वाळून माझा पीळ आवळत गेला होता आणि गाठी जवळजवळ आल्या होत्या. पाणी साडेतेरा परसांवरच होते.

नानांचे सोबती लीलाधरभाऊ म्हणाले, “नाना, कोन मोजाले येस आते? तलाव जाई, तिकीटबी जाई.”

“मी येस ना, दरसाल,” नाना म्हणाले.

जिल्हा परिषदेच्या पुढच्या सभेत त्यांनी स्वतः उठून आकडा दुरुस्त केला. तलाव सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाला गेला, तिकीट दुसऱ्याला. विहिरीवर पाण्याला आलेल्या झुंबरबाईंनी विचारले, “नाना, तहान लागनी ते तुम्हना आकडा पिऊत का?” नानांनी बाईंची कळशी तेवढी शेंदून दिली.

१९९८ साली नाना खासदार झाले. आमचा तलाव अजून व्हायचा आहे. नाना आखाजीला दिल्लीहून येतात, टेपने पाणी मोजतात आणि नवा अर्ज घेऊन परततात.

माझे एक टोक उंदरांनी कुरतडले आहे. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, दोरी असो, तराजू असो की घड्याळ, वर्षातून एकदा ते तपासून पाहा. आम्ही खोटे बोलत नाही, पण हळूहळू बदलतो, आणि ते आम्हाला कळत नाही.