दोन रिकामे चौकोन

मित्रांनो, मी वाढदिवसाला बोलावणारी एक जुनी चिठ्ठी आहे. जुनी म्हणजे अवघ्या एका वर्षाची. पण आमच्यात एवढं आयुष्य मिळतं कुणाला? पार्टी संपली की आमची रवानगी थेट केराच्या टोपलीत. मी वाचले, कारण मी आठ दिवस कोंडून पडले होते. तेच सांगते.

माझा जन्म बुटांच्या खोक्याच्या झाकणातून झाला. टिकलीनं मला बनवलं. वर्गातली सगळ्यात बुटकी, म्हणून टिकली. तिची आई कपडे शिवते. तिनं कापडाची नागमोडी कात्री माझ्या कडांवर फिरवली आणि मला झकास दातेरी काठ आला. टिकलीनं रंगीत पेनानं लिहिलं, शनिवार, संध्याकाळी पाच. खाली कापून परत द्यायची पट्टी. तिच्यावर दोन चौकोन. एक 'येणार', एक 'नाही येणार'.

टिकलीची गोची अशी, की तिचा वाढदिवस येतो भर सुट्टीत. सगळे आपापल्या सहलींना पांगलेले. आदल्या वर्षी मायलेकींनी केक तीन दिवस पुरवून पुरवून खाल्ला होता. म्हणून माझ्या वेळी आईनं सांगून टाकलं, गुरुवारपर्यंत उत्तरं आण. एक जण जरी येणार असेल तर पार्टी करू. कुणीच नसेल तर शुक्रवारी मावशीकडे जाऊ, तिथल्या तळ्यात होडीत बसू.

आम्ही तिघी बहिणी. शाळेच्या शेवटच्या दिवशी दोघींवर तिथल्या तिथे 'नाही येणार'ची खूण झाली. मी गेले जिराफकडे. जिराफ म्हणजे टिकलीच्याच बाकावर बसणारी, उंच मानेची, तिची जिवलग मैत्रीण. घरी विचारून सांगते म्हणाली.

घरी पोचलो तर पलंगावर बॅग उघडी. जिराफची आई नर्स. तिला दोन वर्षांनी सलग रजा मिळाली होती. बुधवारी समुद्रावर निघायचं, तिकिटं कधीची काढलेली. आई टॉवेलच्या घड्या घालता घालता गाणं म्हणत होती. जिराफनं मला पाठीमागे लपवलं. तोंड उघडलं आणि मिटलं. 'नाही'वर खूण करावी तर टिकली रडणार. थांबू या म्हणावं तर आईचं गाणं बंद. मग तिनं मला बॅगेच्या आतल्या कप्प्यात सारलं आणि चेन ओढली. सर्र.

झालं. अंधार. एका बाजूनं टूथपेस्ट टोचतेय, दुसऱ्या बाजूनं छत्रीची दांडी. समुद्र मी पाहिला नाही, नुसता ऐकला.

गुरुवारी चेन उघडली. जिराफच्या हातात पेन होतं. वाटलं, सुटले. एक खूण आणि आईच्या मोबाईलवरून एक फोन, एवढंच तर काम. तिनं पेन 'नाही येणार'च्या चौकोनात टेकवलं. बारीक ठिपका उमटला. तेवढ्यात बाबांची हाक आली, चल गं, ओहोटी आहे तोवर शिंपले वेचू. सर्र. पुन्हा कोंडवाडा.

शनिवारी पाच वाजता ती बॅगेजवळ येऊन बसली. चेन उघडली नाही, कप्प्यावर नुसता हात ठेवला. वाळूचा किल्ला करू या म्हणून बाबा तीनदा म्हणाले. ती म्हणाली पोटात दुखतंय.

पुढच्या बुधवारी घरी येऊन बॅग रिकामी करताना मी आईच्या हाताला लागले. तिनं मला दोनदा वाचलं.

"मला का नाही दाखवलंस गं?"

"तू गाणं म्हणत होतीस," जिराफ म्हणाली.

 आईनं टॉवेलांचा ढीग तसाच ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

टिकलीच्या घरी शिवणयंत्र खडखडत होतं, ते थांबलं. टिकली जमिनीवर बसून बटणं निवडत होती. तिनं मान वर केली नाही. जिराफनं मला पुढे धरलं आणि खरं काय ते सांगितलं, नाही म्हणायला भ्याले, तू रडली असतीस.

"रडले असते, आणि मग मावशीकडे गेले असते," टिकली म्हणाली. "तू काहीच बोलली नाहीस, म्हणून मी थांबले. तुझी खुर्ची पण मांडली होती."

मित्रांनो, मला वाटत होतं कोंडलेली मी एकटीच. पण जिराफ त्या एवढ्या मोठ्या समुद्रावर कोंडलेली होती, आणि टिकली नवा फ्रॉक घालून स्वतःच्याच दारात.

जिराफ निघून गेली नाही. खाली बसली आणि तीही बटणं निवडायला लागली. बऱ्याच वेळानं टिकली म्हणाली, "पांढरी इकडे."

यंदा टिकलीनं नव्या चिठ्ठ्या केल्या. पट्टीवर तीन चौकोन आहेत. तिसऱ्यात लिहिलंय, 'त्या दिवशी नाही, पण येणार'. जिराफची पट्टी त्याच संध्याकाळी परत आली, तिसऱ्या चौकोनात ठसठशीत खूण करून. मी शिवणयंत्राच्या वर टाचणीनं लटकतेय. माझे दोन्ही चौकोन अजून रिकामेच, फक्त एकात तो ठिपका.

एकच मागणं आहे. माझी एखादी बहीण तुमच्या घरी आली, तर तिला कप्प्यात ढकलू नका. जमत नसेल तर नाही म्हणा. रडू येईल, ते पुसता येतं. पण तिकडे कुणीतरी दाराकडे तोंड करून बसलेलं असतं. त्याला उठू तरी द्या.